‘येतो’ म्हणाले आप्पासाहेब

"नारूशेट, जरा हळू बोला हो," चिंतोपंत माझ्या कानाशी लागले. "साहेब आत आहेत."

"हळूच बोलतोय की!" मी म्हणालो, आणि कचेरीच्या आढ्यावरची सगळी कबुतरं फडफडून उडाली.

आता यात माझा काय दोष? आम्ही जातीचे तांबट. पाळण्यात होतो तेव्हापासून कानाशी हातोडे वाजतायत. आमच्या आळीत बायको नवऱ्याशी लाडात बोलली तरी चौकात कळतं. करंजगावच्या म्युनिसिपालटीनं मला मुखत्यार करून पाठवलं तेही बहुधा याचसाठी. बाकी काही जमलं नाही तरी ह्याचं म्हणणं साहेबाला ऐकू तरी जाईल, असा हिशेब असणार.

तो दिवस मत द्यायचा होता. आज ऊठसूट कोणीही मत देतो, पण तेव्हा तो शब्दच कोरा करकरीत होता. मुंबईच्या कौन्सिलात लाटसाहेबासमोर लोकांनी निवडलेली थोडी माणसं बसवायची, असं सरकारनं नुकतंच ठरवलं होतं. आमच्या भागाच्या वाट्याला त्यातली एक खुर्ची आली. सोनवती नदीच्या दोन्ही काठांवर मिळून आमची नऊ गावं. प्रत्येक गावच्या म्युनिसिपालटीनं एक मुखत्यार हरणगावच्या कचेरीत पाठवायचा आणि त्या नऊ जणांनी मिळून एक सभासद निवडायचा. कौन्सिलात बसून कायदे उलटेपालटे करण्याची ताकद काही त्या सभासदाला नव्हती. पण एक हक्क नवा मिळाला होता. सरकारला प्रश्न विचारायचा. आणि प्रश्न विचारला की सरकारला उत्तर द्यावं लागायचं, चारचौघांत, छापून.

आम्हाला एकच प्रश्न विचारायचा होता. सोनवतीवर पूल का नाही?

आषाढापासून दसऱ्यापर्यंत पलीकडचा काठ म्हणजे परमुलूख. आजारी माणूस अलीकडे यायचा नाही, वैद्य पलीकडे जायचा नाही. माझी धाकटी बहीण गोदू पलीकडे उंबरखेडला दिलेली. नागपंचमीला सगळ्यांच्या बहिणी माहेरी येत, झोके बांधत, आणि आमची गोदू तिकडच्या घाटावर येऊन नुसती उभी राहायची. मी इकडून ओरडायचो, "गोदेऽऽ, बरी आहेस का गंऽऽ?" ती पदर हलवायची. तिचा आवाज काही माझ्यापर्यंत पोचायचा नाही. घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही, हे खरं सांगतो.

तर उभे होते दोघे. एक आमचे चिंतोपंत केळशीकर वकील. अंगानं काडी, आवाज मांजराच्या पिलासारखा, पण एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत माणसाची पाठ न सोडणारे. साक्षीदार त्यांना घाबरायचे ते उगाच नाही. दुसरे श्रीमंत आप्पासाहेब मांडवेकर, जहागीरदार. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. गोल, गोरा, हसरा. नातू झाला तेव्हा अख्ख्या हरणगावात हत्तीवरून साखर वाटली होती. पण कुठल्याही साहेबाला ‘नाही’ म्हणायचं त्यांच्या जिभेला वळणच नव्हतं, आणि नदीवरची तर, म्हणजे माणसं पार करणारी नाव, त्यांच्या जहागिरीची. पूल झाल्यावर नावेत कोण बसणार? आप्पासाहेब कौन्सिलात गेले असते तर मखमली खुर्चीत छान झोप काढून आले असते. पूल राहिला असता तिथंच, म्हणजे कुठंच नाही.

मतांचा हिशेब सरळ होता. अलीकडच्या काठाचे आम्ही सहा जण. त्यात स्वतः आप्पासाहेब धरून चौघे त्यांचे, दोघे आमचे. पलीकडचे तिघे झाडून सारे आमचे. म्हणजे सगळे जमले तर पाच विरुद्ध चार, पंत निवडून येणार.

आणि नेमका त्याच दिवशी वर घाटात पाऊस कोसळला. सोनवती दोन्ही थड्या भरून लाल लाल धावत होती.

कचेरीच्या मागच्या खिडकीतून नदी दिसायची. पलीकडच्या घाटावर छत्र्या घेतलेली तीन माणसं उभी होती. त्यातलं मोठं तांबडं पागोटं उंबरखेडच्या येसाजी पाटलाचं, हे मी लांबूनही ओळखलं. नाव त्याच काठाला बांधलेली. नावाडी आप्पासाहेबांचे खरे, पण उगाच कोणावर आळ कशाला घेऊ? तसल्या पाण्यात मीसुद्धा नाव घातली नसती.

"पाणी उतरतंय," घाटावरून आलेला एक कोळी म्हणाला. "दुपार कलली की नाव सुटंल."

पण मतं घ्यायची होती बाराच्या ठोक्याला.

मतं घ्यायला आला होता असिस्टंट कलेक्टर, पेंबर्टन नावाचा. कोवळा पोरगा, नाकावर तांबूस ठिपके. मराठीची परीक्षा पास होऊन बक्षीस मिळवलं होतं म्हणे. बोलायचा मात्र अगदी पोथीसारखं. सकाळी मला म्हणाला, "शेटजी, आपले आगमन सुखरूप जाहले?" मी म्हणालो, "चालत आलो, साहेब." तो खूश झाला.

पंत त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "साहेब, तिघे मुखत्यार पलीकडे अडकलेत. इथून दिसतायत. दोन घटका थांबावं."

साहेबानं टेबलावरचा कागद उचलला. "कलेक्टरसाहेबांचा लेखी हुकूम आहे. बारा वाजता आरंभ करावा. जे गैरहजर असतील त्यांच्यास्तव थांबू नये." मग खिडकीकडे एक नजर टाकून म्हणाला, "मी विवश आहे, पंत. येथे फार उकडते." आणि आपली खुर्ची शिपायाकडून खिडकीपाशी हलवून घेतली.

मला असा राग आला! लोकांचे प्राण कंठाशी आलेत आणि ह्याला वारा हवा. मी पंतांना तसं सांगितलंही. हळूच. साहेबानं वळून पाहिलं.

बारा वाजायला थोडा अवकाश होता तेव्हा आप्पासाहेबांचे कारभारी दाजीबा त्यांच्या कानाशी कुजबुजले. मी शेजारीच होतो. त्यांच्या जोशानं सांगितलं होतं की बारानंतर वेळ वाईट, दुपार टळेपर्यंत श्रीमंतांनी घराबाहेर असू नये. "आपण निघावं," दाजीबा म्हणाले. "आपलं एक मत गेलं तरी तीन विरुद्ध दोन. कौन्सिल आपलंच. मी मागचं बघतो."

आप्पासाहेब हसत हसत उठले. सगळ्यांना नमस्कार करत दारापर्यंत गेले. तेवढ्यात साहेबानं हाक मारली.

"आप्पासाहेब, आपण जाता काय?"

आप्पासाहेबांनी दचकून दोन्ही हात कानांना लावले. "शिव शिव! येतो, साहेब, येतो!"

"येता ना?"

"येतो, येतो."

"फार उत्तम," साहेब म्हणाला. "आम्ही आपली वाट पाहतो."

काय गोड बोलतो साहेब, अशा चेहऱ्यानं आप्पासाहेबांनी पुन्हा एकदा नमस्कार केला आणि मेण्यात बसून घरी गेले.

बारा वाजले. शिपायानं टोले दिले. दाजीबा पुढं सरसावले. "साहेब, मतं घ्यावीत."

"आप्पासाहेब यावयाचे आहेत," साहेब म्हणाला.

"ते गेले, साहेब."

"गेले? ते माझ्या समक्ष येतो म्हणाले. दोनदा म्हणाले."

"हो, पण साहेब, ते आपलं म्हणायचं असतं. येतो म्हणजे जातो."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. "दाजीबा, येतो म्हणजे जर जातो, तर मग जातो म्हणजे काय?"

"जातो म्हणजे..." दाजीबा अडखळले. "जातो असं म्हणत नाहीत, साहेब."

"म्हणत नाहीत? मग हा शब्द व्याकरणात कशास्तव घातला आहे?"

"वाईट असतं ते. घरातनं निघताना जातो म्हटलं की माणूस जातो."

"परंतु तो जातच असतो!"

"तसा नव्हे, साहेब. कायमचा जातो. मरतो."

"असे होय." साहेबानं डोळे बारीक केले. "आप्पासाहेब मेले आहेत काय?"

"शिव शिव! मरोत त्यांचे वैरी!"

"म्हणजे ते गेले नाहीत. म्हणजे ते यावयाचे आहेत. दाजीबा, हुकूम गैरहजर माणसाविषयी आहे. आप्पासाहेब हजर झाले, त्यांनी माझ्यापुढे सही केली, आणि येतो म्हणून बाहेर गेले. एका सभ्य गृहस्थाने शब्द दिला असता त्याच्या पाठीमागे मी मते घेऊ?"

मी उपरणं तोंडात कोंबलं होतं. चिंतोपंत जमिनीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. दाजीबांनी घाम पुसला. "साहेब, कोणाही मराठी माणसाला विचारा. लहान पोर सांगेल."

"बरे." साहेब माझ्याकडे वळला. "शेटजी, आपण सांगा. येतो याचा अर्थ काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाजीबा तर असे बघत होते, जसा काही मी त्यांचा जावई.

"येतो म्हणजे येतो, साहेब!" मी म्हणालो. पार वाड्यावर पोचलेले मेण्याचे भोईसुद्धा दचकले असतील. "अगदी धुळाक्षरं गिरवणाऱ्यालाही माहीत आहे!"

"ऐकले?" साहेब दाजीबांना म्हणाला. "तथापि मी अन्याय करणार नाही. आप्पासाहेबांनी स्वमुखे सांगावे, अथवा लिहून द्यावे: मी जातो, परत येत नाही. तत्क्षणी मी मते घेतो."

दाजीबा घोड्यावर बसून वाड्याकडे सुटले. पंत खिडकीशी गेले, मी त्यांच्या मागे. पाणी खरंच उतरत होतं. घाटाची एक पायरी उघडी पडली होती. येसाजी पाटील नावाड्याशी हातवारे करून भांडत होता. नावाडी मान हलवत होता, नाही म्हणून.

"नारूशेट," पंत म्हणाले, "आप्पासाहेबांनी लिहून दिलं तर संपलं सगळं."

"देतील?"

"कौन्सिलसाठी माणूस काय देत नाही?"

हसू कुठल्या कुठं पळालं. डोळ्यांसमोर घाटावर उभी असलेली गोदू आली. त्या साली तिच्या कडेवर लहान मूल होतं, तेही मी लांबूनच पाहिलं होतं. मुलगा की मुलगी हेसुद्धा आठ दिवसांनी निरोपावरून कळलं होतं मला!

घोड्याच्या टापा वाजल्या. दाजीबा आत आले ते एकटेच, आणि हात रिकामे.

"काय म्हणाले?" साहेबानं विचारलं.

दाजीबांनी पुन्हा घाम पुसला. शेवटी म्हणाले, "श्रीमंत पाटावर बसलेत. नातू मांडीवर आहे. म्हणाले, दाजीबा, तुला वेड लागलं का? आज मी मोठ्या कामाला निघालेला माणूस. मांडीवर नातू, समोर भरलं ताट, आणि मी माझ्या तोंडानं म्हणू की मी जातो, परत येत नाही? जीभ झडेल माझी!"

"मग लिहून द्यावे."

"ते मीही म्हणालो, साहेब. तर जोशी मध्येच बोलला, लिहिलेलं तर आणखी पक्कं होतं. आईसाहेबांनी ते ऐकलं, त्या रडायलाच लागल्या. दौत उचलून आत नेली त्यांनी."

"तर स्वतः यावे."

"वाईट वेळ टळल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत!"

"ठीक आहे," साहेब म्हणाला. "येतील. आपण वाट पाहू." आणि खिडकीतून बाहेर बघत बसला.

दाजीबा खांबाला टेकून मटकन बसले. मला त्यांची दया आली. इमानी माणूस बिचारा. मी त्यांना पानसुपारी दिली, त्यांनी ती घेतली नाही.

"सुटली!" पंत ओरडले. पंत ओरडले म्हणजे तुम्ही आम्ही बोलतो तितपत, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

नाव सुटली होती. मधोमध येईतो ठीक होती, मग धारेला लागली. बघता बघता घाट सोडून खाली वाहायला लागली. खाली काळ्या खडकांची रांग. नावाडी पाण्याकडे बघत होता, त्याला खडक दिसत नव्हते. मी खिडकीतून निम्मा बाहेर झालो.

"येसाजीऽऽ! डावीकडं! खडक आहेत, डावीकडं घेऽऽ!"

नावाड्याच्या नव्हे, येसाजीच्या कानावर ते गेलं. त्यानं नावाड्याच्या पाठीत गुद्दा घातला, हात केला, नाव वळली. खडकाला घासून गेली की हातभर लांबून, देव जाणे. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा नाव खालच्या बाभळींत घुसली होती आणि तीन माणसं चिखलातून गुडघ्यागुडघ्यानं वर येत होती. एक पागोटं कमी होतं.

ते तिघे कचेरीत शिरले, गळत, चिखलानं माखलेले, आणि सही करत होते तोच बाहेर मेणा थांबला. वाईट वेळ टळली होती. आप्पासाहेब जेवून, विडा खाऊन, झोप काढून, गुलाबी चेहऱ्यानं आत आले.

"आलो, साहेब!" ते म्हणाले.

"पाहा, दाजीबा," साहेब म्हणाला. "येतो म्हणाले, आले."

मतं घेतली गेली. पाच विरुद्ध चार. साहेबानं उभं राहून चिंतोपंतांच्या नावाचा पुकारा केला. पंतांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि काहीतरी बोलले, ते शेजारच्यालाही ऐकू आलं नाही.

आप्पासाहेबांचा गोंधळ उडाला होता. त्यांनी एकदा चिखलानं माखलेल्या तिघांकडे पाहिलं, एकदा दाजीबांकडे. पण माणूस खानदानी. पंतांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मुंबईची हवा बाधते म्हणतात मेली. प्रकृतीला जपा." मग वळले, दारात थांबले, हात जोडले. "बरं मंडळी, ये..."

"काही बोलू नका!" दाजीबा किंचाळले. "श्रीमंत, तुमच्या पाया पडतो, नुसतं चला!"

पुढचं थोडक्यात सांगतो. पंतांनी कौन्सिलात पुलाचा प्रश्न विचारला. चौकशी चालू आहे, असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा विचारला. पैसा नाही, असं आलं. पुन्हा विचारला. दर बैठकीला हा काडीएवढा माणूस उठायचा आणि लाटसाहेब कपाळाला हात लावायचा म्हणे. शेवटी पूल झाला. नागपंचमीला गोदू बैलगाडीतून त्याच्यावरून आली तेव्हा मी मधोमध उभा होतो. चार वर्षांचा भाचा गाडीतून उतरला, मला बघून रडायला लागला आणि आईला म्हणाला, हा मामा एवढा ओरडतो का गं? मी गप्प बसलो. माझे डोळे भरून आले होते.

पण त्या निवडणुकीच्या दिवसाचं एक राहिलंच.

आप्पासाहेबांची मंडळी निघून गेली होती. कचेरीत आम्ही आमचीच माणसं, आणि खिडकीशी कागदांवर सह्या करत बसलेला साहेब. येसाजी पाटलानं नदीत शिरण्याआधी दोन नारळ घेतले होते. एक नदीला दिला आणि दुसरा, पोचलो तर लागेल म्हणून, कमरेला बांधून आणला होता. तो त्यानं चिखलासकट माझ्या हातात कोंबला.

"फोडा, शेट!" तो म्हणाला. "फोडा नारळ!"

साहेब सह्या करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"फोडा काय म्हणता, पाटील?" तो म्हणाला. "शुभकार्यात नारळ वाढवतात."

आवाजात पोथी नव्हती. आमच्या आळीतल्या माणसासारखा बोलला.

पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. येसाजीला तर काहीच कळलं नाही, तो नुसता गळत उभा होता. मी साहेबाकडे बघत राहिलो. नारळ फोडतात असं न म्हणता वाढवतात म्हणायचं, हे ज्याला कळतं, त्याला ‘येतो’ कळत नव्हतं होय?

"साहेब," मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला सकाळपासून..."

साहेबानं शेवटची सही केली. टीपकागद दाबला. खिडकीबाहेर बाभळीत अडकलेली नाव दिसत होती, तिच्याकडे त्यानं एकदा पाहिलं.

"पंत," तो म्हणाला, "तो पूल तेवढा लवकर करून घ्या. मला दर खेपेला मराठी विसरायला जमायचं नाही."

मी बाहेर आलो, पायरीवर वाकलो आणि नारळ वाढवला.